गुप्तरोग : कुणापासून गुप्त?

बदलापूर लोकलमध्ये दाराजवळ उभं राहिलं की डोळ्यांसमोर एक चिकटपट्टी येते. शीघ्रपतन, स्वप्नदोष, नामर्दपणा, गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, खाली फोन नंबर. विठ्ठलवाडीला उतरून मुतारीत गेलं तर तीच पट्टी तिथंही. अंबरनाथला पुलाच्या खांबावर तीच. आता तर ती मोबाइलमध्येही शिरली आहे. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला कामगार पुरुष आपल्या शरीराविषयी सगळ्यात जास्त काय वाचतो, तर हे. ‘गोलपिठा’ त्याने वाचलेला नसतो, ‘बलुतं’चं नाव ऐकलेलं असतं, पण ही चार ओळींची रचना त्याला तोंडपाठ असते. मग साहित्याचा विचार करणाऱ्याने तिच्यावर का लिहू नये?

मी लिहिणार आहे. या चिकटपट्टीच्या शेजारी आपलं दलित साहित्य ठेवून विचारणार आहे की बाबांनो, आपण एवढं लिहिलं, पेटून लिहिलं, झोपडपट्टी, गुत्ता, मसणवटा सगळं मराठीत आणलं. पण ज्या माणसाच्या नावाने लिहिलं, त्याच्या चड्डीच्या आत काय चाललंय आणि त्याच्या हातातल्या क्वार्टरचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे त्याला कळेल असं आपण काय लिहिलं?

हा प्रश्न मी फुकट विचारत नाही. त्याची किंमत माझ्या घरात मोजली गेली आहे. ती आधी सांगतो. बायकोला विचारून सांगतो. ती म्हणाली, "लिहा. पण माझ्या वाट्याचंही लिहा. नुसता तुमचा पश्चात्ताप नको."

१

साल १९८९. मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीत हेल्पर. राहायला उल्हासनगर, कॅम्प नंबर चार, सुभाष टेकडीच्या अंगाला. दिवसा ड्रम ढकलायचे, संध्याकाळी विहारात अभ्यासवर्ग. वक्ता म्हणून मी बरा होतो. व्यसनमुक्तीवर तर फारच बरा. आणि पगाराच्या दिवशी दोस्तांबरोबर बसायचोही. दोन्ही एकाच तोंडाने चालायचं.

अशाच एका पगाराच्या रात्री आम्ही चौघं मुंबईला गेलो. कुठं ते सांगायला नको. गेलो हे आठवतं, पुढचं धड आठवत नाही. सरकारी निरोध खिशात होता. सकाळी तो तसाच खिशात सापडला.

तीनेक आठवड्यांनी लिंगावर एक फोड आला. कडक, लालसर, पण दुखत नव्हता. दुखला असता तर कुणाला तरी दाखवला असता. मनात धास्ती होती म्हणून स्टेशनाजवळ जिन्यावरच्या एका खोलीत गेलो. पत्ता चिकटपट्टीवरचाच. त्याने पुड्या दिल्या, तीनशे रुपये घेतले, म्हणाला, गरमी आहे, महिन्याभरात जाईल. आणि गेली की! फोड सुकला. मी त्या माणसाला मनातल्या मनात जय भीम घातला.

आज जे माहीत आहे ते तेव्हा कुणी सांगितलं नाही. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा पहिला फोड काहीही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरा होतो. रोग जात नाही, तो रक्तात उतरलेला असतो. पुढे कधी तळहातातळपायांवर पुरळ येतं, कधी येतही नाही, मग वर्षानुवर्षे काही दिसत नाही. म्हणून या फोडावर जगातला प्रत्येक भोंदू यशस्वी ठरतो. अंगाऱ्याने तो बरा होतो, पुडीने होतो, नवसानेही होतो. चिकटपट्टीवरची ती ‘खात्री’ येते ती इथून.

१९९० ला लग्न झालं. १९९१ ला बायको सातव्या महिन्यात असताना मूल पोटातच गेलं. पहिल्या खेपेला दवाखान्यात नाव घातलंच नव्हतं. आई म्हणाली दृष्ट लागली, शेजारीण म्हणाली हिचा पायगुण. मी विहारातला वक्ता. मी दोघींना अंधश्रद्धेवर भाषण दिलं.

दुसऱ्या खेपेला एका सरकारी दवाखान्यात नाव घातलं. नर्सबाईंनी रक्त काढलं. व्हीडीआरएलची चिठ्ठी आली. डॉक्टरीणबाईंनी हिला बाहेर बसवलं, मला आत घेतलं आणि विचारलं, "दारू पिता का?"

मी म्हणलं, "कधीतरी."

"त्या कधीतरीचंच विचारतेय," त्या म्हणाल्या.

दोघांनाही पेनिसिलिन. कमरेत, आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. सगळ्यांचा खर्च मिळून त्या पुड्यांपेक्षा कमी. १९९३ च्या जानेवारीत मुलगी झाली, धडधाकट झाली.

आता हिच्या वाट्याचं. त्या सगळ्या काळात तिला काय झालंय हे तिला कुणी सांगितलंच नाही. नवऱ्याला सांगितलं म्हणजे झालं. "रक्तात दोष आहे" एवढंच तिच्या कानावर आलं, तेही असं की दोष तिच्याच रक्तात. खरं मी सांगितलं २००३ साली. तोवर अकरा वर्षं झाली होती. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे ते पोर माझ्या पायगुणानं नव्हतं गेलं."

गुप्तरोग या शब्दातलं ‘गुप्त’ कुणापासून आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

२

आता साहित्याकडे वळतो.

‘गोलपिठा’ १९७२ साली आला. विजय तेंडुलकरांना प्रस्तावना लिहिताना त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. पांढरपेशा मराठी कवितेला शरीर माहीत होतं ते चंद्र, कमळ, मोगऱ्यातून. नामदेव ढसाळांनी तिला रोगाने सडणारं, विकलं जाणारं, फेकलं जाणारं शरीर दाखवलं. हे काम दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

पण त्या कवितेत रोग काय काम करतो? तो व्यवस्थेचं रूप होऊन येतो. शहर सडलंय हे सांगायला शरीर सडतं. ती कवितेची ताकद आहे. कवितेने दवाखान्याची चिठ्ठी लिहावी असं मी म्हणत नाही. माझी तक्रार आपल्यावर आहे, वाचणाऱ्यांवर. आम्ही त्या ओळी मोर्च्यात, अभ्यासवर्गात, बैठकीत ग्लास हातात घेऊनही म्हणायचो. अंगावर काटा यायचा. पण अंगावरचा फोड ओळखता येत नव्हता. रोग ही आमच्यासाठी प्रतिमा झाली होती, आणि प्रतिमा नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर असते.

१९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. त्यात कावाखान्यातलं बालपण आहे, दारू पिणारा बाप आहे, माणसाची सगळी नागडी परवड आहे. ते वाचून आपल्यातलेच शिकलेले लोक चिडले. उकिरडा कशाला उकरतो, म्हणाले. ही चीड नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी गोम तिथंच आहे. ज्या माणसाला हजारो वर्षं घाण म्हणून लांब ठेवलं, त्याला आपल्या घरातली घाण बोलून दाखवायची भीती वाटते. आधीच समोरचा म्हणतो, हे लोक दारुडे, हे लोक घाणेरडे. आता आपणच कबूल केलं तर त्याच्या हातात पुरावा दिल्यासारखं. म्हणून आपण स्वच्छ कपडे घातले, पांढरी साडी नेसलो, पंचशील म्हटलं आणि अंगावरचं दुखणं आत दाबलं. मी या लाजेला हसत नाही. या लाजेनेच आपल्या आईबापांना उभं केलं. पण तिचा फायदा कुणाला झाला, तर जिन्यावरच्या पुडीवाल्याला.

बायांनी मात्र लिहिलं. बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आधी १९८२ ला ‘स्त्री’ मासिकात आणि मग १९८६ ला पुस्तक म्हणून आलं. त्यातली उपाशी बाळंतीण बघा. बाळंतपणात बाईच्या शरीराचं महारवाड्यात काय होत होतं ते त्यांनी जसंच्या तसं मांडलं. आणि हे सगळं त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. लिहिणंही गुप्त! आपण त्या पुस्तकाचा गौरव केला तो समाजाचा इतिहास म्हणून. बाईच्या शरीराचा इतिहास म्हणून किती वर्गांत वाचलं?

आणि मलिका अमर शेख. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’, १९८४. एका मोठ्या कवीची, पँथरच्या नेत्याची बायको. तिने नवऱ्याचं पिणं लिहिलं, मार लिहिला, आणि नवऱ्याकडून आपल्याला लैंगिक रोग झाला हेही लिहिलं. ‘मी’ म्हणून लिहिलं. मराठीत एवढ्या उघड हे लिहिणाऱ्या बाया किती, बोटं मोजून बघा.

आमच्या अभ्यासवर्गात १९८६ साली या पुस्तकावर चर्चा झाली. चर्चा कसली, निकाल. मीच बोलायला उभा राहिलो होतो. म्हणालो, हे घरातलं भांडण आहे, याचा चळवळीशी काय संबंध? म्हणालो, शत्रूला कोलीत मिळालं. टाळ्या पडल्या. मागे तीन-चार बाया बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही बोलली नाही. त्या का बोलल्या नाहीत हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तीन वर्षांनी माझ्या खिशात तो न उघडलेला निरोध होता.

दोस्तहो, ते पुस्तक आम्ही नीट वाचलं असतं तर त्यात एक साधी माहिती होती. घरात बसलेल्या बाईला हा रोग होतो. ती कुठं गेलेली नसते, तिने काही केलेलं नसतं, रोग नवऱ्याच्या अंगातून घरी येतो. एवढं कळलं असतं तरी लग्नाआधी मी रक्त तपासलं असतं. आम्ही त्यातली चहाडी वाचली, माहिती सोडून दिली. नामदेव ढसाळ २०१४ साली गेले. त्यांची कविता मी आजही मोठी मानतो. पण ‘गोलपिठा’ आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ ही दोन पुस्तकं शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत असं माझं मत झालं आहे. एकात रोग व्यवस्थेचा आहे, दुसऱ्यात तो अंथरुणातला आहे. एकच रोग आहे.

३

मराठीत एक शब्द आहे, देहभान. गंमत अशी की तो बहुतेक वेळा हरपण्यासाठीच वापरला जातो. भजनात देहभान हरपतं, नाचात हरपतं, प्रेमात हरपतं. देहभान विसरणं ही आपल्या भाषेत स्तुती आहे. गुत्त्यावरही माणूस त्यासाठीच जातो. बारा तास मशिनीवर, नाक्यावर, जीन्सच्या वॉशिंगमध्ये उभं राहिलेल्या शरीराला शरीर असल्याचा विसर पडावा म्हणून तो पितो. त्याला शिव्या देणाऱ्याने एकदा ते शरीर वागवून बघावं.

पण विसरलेल्या शरीराची कुणी तरी निगा राखावी लागते, आणि ती कुणीच राखत नाही. साधं नाव घ्यायचं म्हटलं तरी अडचण. या अवयवांची नावं आपल्या भाषेत दोन ठिकाणी राहतात, एक संस्कृत पुस्तकात आणि दुसरी आईबहिणीवरच्या शिवीत. मधे काही नाही. म्हणून डॉक्टरपुढं बसलेला माणूस म्हणतो, "खाली जरा त्रास आहे." बाई म्हणते, "अंगावरून जातंय." किती दिवस, कसला रंग, वास येतो का, खाज आहे का, हे विचारलं की मान खाली. आपल्या कवींनी शिवी कवितेत आणली, चांगलं केलं, शिवीतला दंभ फोडला. पण दवाखान्यात उच्चारता येईल असा शब्द अजून त्या बाईकडे नाही.

हे शब्दांचं खूळ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं आणि २० तारखेला माणसं रुळांवर उतरली, लोकल तासन् तास बंद राहिल्या. तो राग खरा होता. मीही स्टेशनाबाहेर होतो. पण घरी येताना डोक्यात एकच होतं. ते कळलं कसं? मुलींनी घरी सांगितलं म्हणून. चार वर्षांच्या पोरीला ‘माझ्या अमुक जागेला हात लावला’ हे सांगायला त्या जागेचं नाव तरी हवं, आणि नाव घेतल्यावर थोबाडीत बसणार नाही याची खात्री हवी. आपल्या किती घरांत आहे? २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला, संस्कृती बुडेल म्हणून. संस्कृतीवाल्यांचं सोडा. आपल्या विहारातल्या संस्कारवर्गात तरी आपण हे शिकवतो का?

आपल्याकडे त्याला आधार नाही असंही नाही. सतिपट्ठान सुत्तात कायानुपश्यना आहे. केस, नखं, दात, कातडी, रक्त, पू, लघवी, एकेक भाग नाव घेऊन बघायचा. पोत्यातलं धान्य ओतून हे साळीचं, हे मूग, हे तीळ असं निवडावं तसा. तिथला हेतू वैराग्याचा आहे, मान्य. पण बघण्याची रीत बघा. न लाजता, न घाबरता, नाव घेऊन. आपण बुद्धवंदना पाठ केली, ही नजर सोडून दिली.

४

आता दारूचा आणि या सगळ्याचा संबंध सरळ सांगतो, कारण भाषणात आपण ‘दारू वाईट’ एवढंच म्हणतो आणि ऐकणारा जांभई देतो.

दारू प्यायल्यावर मर्दानगी येते हा समज साफ खोटा आहे. दारू आधी मेंदूतला पहारेकरी झोपवते. म्हणून धीर आल्यासारखं वाटतं. हात निरोधकडे जात नाही, गेला तरी तो नीट चढत नाही, आणि समोरच्या बाईचा ‘नको’ कानात शिरत नाही. मग नसा बधिर होतात. रोज पिणाऱ्याचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्या रसावर पुरुषाची इच्छा आणि ताकद चालते तो, कमी होत जातो. लिव्हर बिघडलं की आणखी कमी. म्हणजे जी गोष्ट वाढावी म्हणून पितो तीच जाते.

तंबाखू, विडी, गुटखा यांचंही तसंच. लिंग ताठ होणं म्हणजे तिथं रक्त भरणं. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. चाळिशीत ज्याला चिकटपट्टी ‘नामर्दपणा’ म्हणते, तो पुष्कळदा पुढं येणाऱ्या हृदयाच्या दुखण्याची आधीची सूचना असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. कुठल्याही टपरीवर जाऊन ती बंदी बघून या. आपल्या आया दाताला मिश्री लावतात, ती तंबाखूच. पोटुशी बाईने लावली तर पोर वजनाला कमी भरतं. हे तिला कुणी सांगत नाही, कारण बाईचं व्यसन आपण व्यसनात धरत नाही.

गर्द, खोकल्याचं कोडीनवालं सिरप यांनी इच्छाच मरते, बाईची पाळी बिघडते. एमडीने उलटं, भान जातं आणि धोका दिसेनासा होतो. एकच सुई चौघांनी वापरली तर एचआयव्ही आणि ब व क कावीळ. आमच्या केमिकल झोनमध्ये तर आणखी एक भानगड आहे. शिसं, कार्बन डायसल्फाइड असली रसायनं नसांवर आणि वीर्यावर परिणाम करतात हे कामगार-आरोग्याच्या शास्त्रात जुनं झालं आहे. कमजोरी कामाच्या जागेवरून आलेली असते आणि माणूस लहानपणच्या हस्तमैथुनाला दोष देत बसतो. हस्तमैथुनाने काही होत नाही. स्वप्नदोषात दोष नाही. लघवीतून ‘धातू’ जाऊन माणूस खचतो हीही खुळी भीती. ज्या दुखण्यांना औषधच लागत नाही त्यांच्यावर चिकटपट्टीचा निम्मा धंदा चालतो.

हे चक्र असं फिरतं. नशेने कमजोरी, कमजोरीची लाज, लाजेपोटी भोंदू, भोंदूची ‘ताकदीची’ गोळी, गोळीचा उपयोग होईना म्हणून पुन्हा नशा. त्या जडीबुटीच्या गोळीत बऱ्याचदा न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं असतं. हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती खाल्ली तर रक्तदाब एकदम पडून जीवही जातो. आणि चक्राच्या खाली कोण सापडतं? बाई. परमा, क्लॅमिडिया असले रोग बाईत पुष्कळदा काही लक्षण न दाखवता आत राहतात, नळ्या बंद करतात. मग ती वांझ ठरते. नवरा दुसरी करतो. रोग घेऊनच करतो.

आणि ज्यांच्यावर आपण सगळा दोष ढकलतो त्या धंद्यातल्या बाया? सांगलीत १९९२ ला ‘संग्राम’ सुरू झालं, १९९६ ला धंद्यातल्या बायांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ काढली. निरोध कसा वापरायचा, दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाला तो कसा घालायला लावायचा, हे त्यांनी एकमेकींना शिकवलं. त्यांच्यातल्या कित्येक अंगठा उठवणाऱ्या. मी त्या वेळी बी.ए. होऊन विहारात व्याख्यानं देत होतो.

५

मित्रांनो, कुणी म्हणेल, हे सगळं आंबेडकरी चळवळीच्या चौकटीत बसत नाही. मग ऐका.

र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ काढायचे, १९२७ ते १९५३. वाचकांचे लैंगिक प्रश्न आणि त्यांना सरळ उत्तरं. हस्तमैथुनावर, समलिंगी संबंधांवर. त्या उत्तरांसाठी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. पुण्यामुंबईचे सुधारक नाकाला रुमाल लावून बाजूला उभे राहिले. कोर्टात वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, डोक्यावर सगळ्या समाजाचं ओझं होतं. तरी त्यांनी हा खटला हलका मानला नाही. लोक आपल्या शरीराविषयी विचारतात आणि कुणी ज्ञान म्हणून उत्तर देतो, त्यात अश्लील काय, ही त्यांची बाजू. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. १९३८ ला मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्याच पक्षाने आणला. तोही पडला. ते हरले तरी कुठं उभे होते ते बघा.

डिसेंबर १९२७, महाड. बायांच्या सभेत बाबासाहेब म्हणाले की नवरा, मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं, बायकोने नवऱ्याची मैत्रीण, बरोबरीची होऊन उभं राहावं, दासी होऊ नये. म्हणजे ताट नाकारायचा हक्क त्यांनी बाईला १९२७ सालीच दिला. अंथरूण नाकारायचा हक्क आपण अजून दिलेला नाही. कायद्यानेही नाही. बायको अठराच्या वरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार ठरत नाही. प्यालेल्या, रोग असलेल्या नवऱ्याला ‘आज नको’ म्हणणारी बाई आपल्या वस्तीत आजही मार खाते.

तिसरं शील कामातल्या मिथ्याचाराचं, पाचवं शील मद्याचं. आपण दोन्ही एका दमात म्हणतो. पण शील म्हटलं की विषय नीतीवर जातो, शरीर सुटतं. आमच्या विहारात एका भाऊंना सगळ्यांसमोर शपथ दिली. रोज दोन क्वार्टरचा माणूस. त्या दिवसापासून बंद. टाळ्या वाजवल्या, घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना झटके आले, भास व्हायला लागले. दवाखान्यात नेईस्तोवर गेले. फार पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर असं होतं, त्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावं लागतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून चालू होतं, अनिल अवचटांचं ‘गर्द’ही त्याच सालचं. आम्ही ते मध्यमवर्गीयांचं म्हणून बाजूला ठेवलं. शपथ खरी होती. शरीराला कुणी विचारलं नाही.

६

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि ते तुम्हा विशी-पंचविशीतल्या कार्यकर्त्यांकडे आहे. आमची पिढी भाषणात गेली.

आपल्या लेखकांनी रोगाची प्रतिमा पुष्कळ केली, आता रोगाचं नाव लिहावं. नायक पितो तेव्हा त्याच्या बायकोच्या अंगात काय चाललंय तेही कथेत येऊ द्या. आपल्या समीक्षकांनी बाईचं आत्मकथन हातात घेतलं की ‘वैयक्तिक’ हा शिक्का आधी बाजूला ठेवावा. अभ्यासवर्गात वर्षातून एक दिवस डॉक्टर बोलवा, जमलं तर बाई डॉक्टर, आणि मागे बसलेल्या बायांना पुढं बसवा. रक्त तपासायला लाजू नका. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, १०९७ या नंबरावर नाव न सांगता विचारता येतं. तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करायची नाही आणि निकाल फोडायचा नाही, असा २०१७ चा कायदा आहे. आणि इलाज दोघांचा करा. एकट्याचा केला तर तो इलाज नव्हे.

शेवटचं या अंकाच्या संपादक मंडळाला. कर्व्यांसारखं प्रश्नोत्तराचं एक पान आपल्या अंकात सुरू करा. बाबासाहेबांनी ज्या पानासाठी कोर्टात भांडण केलं तसलं पान आंबेडकरी अंकात असू नये, ही शरमेची गोष्ट आहे. लोकांनी प्रश्न पाठवावेत, नाव नको. डॉक्टर शोधायचं काम मी अंगावर घेतो. पहिला प्रश्न घरातूनच आला आहे. हा लेख वाचून झाल्यावर बायकोने विचारला. पुन्हा सांगतो, तिच्या परवानगीने छापा :

"बाईचं रक्त तपासल्यावर चिठ्ठी तिच्या हातात का देत नाहीत?"

जय भीम.